ओशोंच्या आश्रमाची १०७ कोटींची जमीनविक्री ओशोंच्याच शिष्यांनी का अडवली?

तारीख होती ७ मार्च २०२३. मुंबईच्या धर्मादाय सह आयुक्तांनी एक अर्ज फेटाळला.

अर्ज होता ओशो इंटरनॅशनल फाउंडेशन या ट्रस्टचा. पुण्याच्या कोरेगाव पार्कमधल्या आश्रमाचे दोन भूखंड, मिळून जवळपास ९,८०० चौरस मीटर, १०७ कोटी रुपयांना विकायची परवानगी त्यांना हवी होती. घेणारा होता राजीव बजाज यांच्याशी संबंधित ऋषभ फॅमिली ट्रस्ट. त्यांनी ५० कोटी आगाऊ दिलेही होते.

आयुक्तांनी विक्रीला नकार दिला. ५० कोटी बिनव्याजी परत करा असं सांगितलं. आणि वर २००५ ते २०२३ या काळातल्या ट्रस्टच्या हिशेबाचं विशेष ऑडिट करायचा आदेश दिला.

बाबा-बुवांच्या पैशाच्या बातम्या काही नवीन नाहीत. पण यात एक गोष्ट वेगळी होती. या विक्रीवर हरकत घेणारे लोक कुणी नास्तिक, विवेकवादी किंवा विरोधी पक्षवाले नव्हते. ते ओशोंचे शिष्य होते. रोज ध्यान करणारे, गळ्यात माळ घालणारे.

आता वाशिमहून पुणे म्हणजे रात्रभराच्या ट्रॅव्हल्सचं अंतर. कोरेगाव पार्कची जमीन विकली काय आणि राहिली काय, रिसोड-मानोऱ्याच्या माणसाला काय फरक पडतो? फरक असा पडतो की, ज्या कायद्यानं ही विक्री थांबली तो कायदा वाशिमलाही तसाच लागू आहे. आणि ध्यान शिबिरांच्या जाहिराती आता प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर येतात. कुठं लिहिलेलं असतं 'मोफत', कुठं 'स्वेच्छा देणगी', कुठं 'सहयोग राशी'. 

या जाहिरातींखाली लोकांचे दोन गट पडलेले दिसतात. एक म्हणतो, सगळे लुटारू आहेत. दुसरा म्हणतो, माझी झोप सुधारली, चिडचिड कमी झाली, आधी करून बघा मग बोला.

दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत असतात. ध्यानानं झोप लागते का, हा एक प्रश्न. ते शिकवणाऱ्या संस्थेची जमीन विकायचं कोण ठरवतं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं म्हणून दुसरा प्रश्न मिटत नाही. आणि दुसऱ्यात घोळ निघाला म्हणून कुणाला लागलेली झोप खोटी ठरत नाही. पुण्यातल्या शिष्यांनी हे दोन प्रश्न वेगळे ठेवले, म्हणून त्यांची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे.

पैसा लपवला नाही, मग वाद कसला?

ओशो म्हणजे आधीचे आचार्य रजनीश, मूळ नाव चंद्रमोहन जैन. जन्म १९३१ चा, मध्य प्रदेशातल्या कुचवाड्याचा. जबलपूरला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. मग मुंबई, आणि १९७४ ला पुण्यात कोरेगाव पार्क.

आपल्याकडं साधू म्हटलं की लंगोटी, झोळी आणि भिक्षा. वऱ्हाडात तर गाडगेबाबा लोकांनी डोळ्यानं पाहिलेले. डोक्यावर खापर, अंगावर चिंध्या, आणि लाखोंच्या धर्मशाळा बांधून स्वतः त्यात न राहणारा माणूस. ओशोंनी या कल्पनेलाच सुरुंग लावला. गरिबीला पवित्र मानू नका, सुखही हवं आणि ध्यानही हवं, असं ते उघड सांगायचे. त्याला त्यांनी 'झोरबा द बुद्ध' असं नावही दिलं होतं. पाश्चात्त्य तरुण पैसे मोजून पुण्यात यायचे, थेरपी ग्रुप करायचे, प्रवचनं ऐकायचे. आश्रमाच्या करसवलतीवरून सरकारशी वाद सुरू झाला तोही याच काळात.

१९८१ ला ते अमेरिकेला गेले. ओरेगॉन राज्यात सुमारे ६४,००० एकरांचं रँच शिष्यांनी विकत घेतलं आणि तिथं रजनीशपुरम नावाचं शहर वसवलं. तिथल्या ९३ रोल्स रॉईस गाड्या जगभर गाजल्या. पण गाड्यांमुळं कुणी तुरुंगात गेलं नाही. १९८४ मध्ये द डॅलस या गावातल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला जिवाणू मिसळले गेले, ७५१ लोक आजारी पडले, आणि त्या प्रकरणात ओशोंच्या सचिव मा आनंद शीला यांना शिक्षा झाली. स्थानिक निवडणुकीत विरोधी मतदारांनी घरीच बसावं, हा त्यामागचा हेतू होता. खुद्द ओशोंवर इमिग्रेशन कायद्याचे गुन्हे लागले. १९८५ मध्ये तडजोड झाली, ४ लाख डॉलर दंड भरून त्यांनी अमेरिका सोडली.

ही सगळी कथा नेटफ्लिक्सवरच्या 'वाइल्ड वाइल्ड कंट्री'मुळं २०१८ नंतर नव्या पिढीला माहीत झाली. त्यातून लक्षात राहतात त्या गाड्या. खरं तर गाड्या हा त्या कथेतला सगळ्यात निरुपद्रवी भाग होता. कुणाकडं किती पैसा आहे हे दिसतं, त्यावर बोलणं सोपं असतं. पैशाचे आणि सत्तेचे निर्णय बंद खोलीत कोण घेतं हे दिसत नाही, आणि घोळ तिथं होतो.

गुरू गेल्यावर सही कुणाची?

ओशो १९८७ ला पुण्यात परतले आणि १९ जानेवारी १९९० ला वारले. जाण्याआधी त्यांनी २१ शिष्यांचं 'इनर सर्कल' नेमलं होतं. वारस म्हणून कुणा एकाला गादीवर बसवलं नाही.

मागं काय राहिलं? पुण्यातली जमीन आणि इमारती. हजारो तासांची प्रवचनं, त्यांची शेकडो पुस्तकं, जगातल्या डझनावारी भाषांत त्यांचे अनुवाद, आणि त्यावर येणारी रॉयल्टी. शिवाय 'ओशो' हे नाव.

कुठल्याही ध्यान चळवळीची खरी संपत्ती ही अशीच असते. गुरू असेपर्यंत शिबिरं आणि देणग्या चालतात. गुरू गेल्यावर जमिनीचा भाव वाढत राहतो, आणि पुस्तकं न थकता विकली जातात. १९७४ मध्ये कोरेगाव पार्क म्हणजे झाडीतला बंगल्यांचा शांत भाग होता. आज तिथला चौरस फूट पुण्यातल्या सगळ्यात महाग चौरस फुटांपैकी आहे. ध्यान करणाऱ्यांनी काही न करताही आश्रम श्रीमंत होत गेला.

नावाचीही लढाई झाली. झुरिचमध्येही ओशो इंटरनॅशनल फाउंडेशन याच नावाची संस्था आहे आणि पुस्तकांचे हक्क तिच्याकडं. 'ओशो' हा आपला ट्रेडमार्क आहे असा तिचा दावा. अमेरिकेत शिष्यांच्या दुसऱ्या गटानं याला आव्हान दिलं आणि जानेवारी २००९ मध्ये तिथल्या ट्रेडमार्क मंडळानं सांगितलं की, हे नाव एका ध्यानपरंपरेचं सर्वसाधारण नाव झालं आहे, त्यावर कुणा एकाची मालकी नाही. युरोपात मात्र ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यायालयानं नेमका उलटा निकाल दिला, तिथं ट्रेडमार्क टिकला. म्हणजे अटलांटिकच्या एका किनाऱ्यावर 'ओशो' सगळ्यांचे, दुसऱ्या किनाऱ्यावर नोंदणीकृत.

या वादात २०१३ मध्ये एक मृत्युपत्र बाहेर आलं. १९८९ सालचं, ओशोंची सही असलेलं. ते गेल्यावर २३ वर्षं ज्याबद्दल शिष्यांनी ऐकलंही नव्हतं, ते युरोपातल्या कज्ज्यात कागद म्हणून सादर झालं. पुण्यातल्या शिष्यांनी कोरेगाव पार्क पोलिसांत तक्रार केली, सही बनावट आहे असा आरोप केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. व्यवस्थापनानं आरोप फेटाळले. पण आश्रम चालवणारे आणि शिष्य यांच्यातला विश्वास तिथं तुटला तो तुटलाच.

आणि मग कोविड आला

२०२० मध्ये आश्रमाचं गेट बंद झालं. परदेशी पाहुणे नाहीत, प्रवेशशुल्क नाही, राहण्या-जेवणाचं उत्पन्न नाही. एप्रिल ते सप्टेंबर २०२० या काळात ३.६५ कोटींचा तोटा झाला, असं ट्रस्टनं सांगितलं. देखभालीला पैसा हवा, म्हणून दोन भूखंड विकू द्या. पोहण्याचा तलाव आणि टेनिस कोर्ट असलेला तो भाग.

शिष्यांचा प्रश्न साधा होता. खड्डा ३.६५ कोटींचा आहे, तर १०७ कोटींची जमीन कशाला विकायची? इतक्या वर्षांच्या रॉयल्टीचा आणि देणग्यांचा पैसा कुठं आहे? 

हा प्रश्न त्यांनी नुसता फेसबुकवर विचारला असता तर त्याला लाइक मिळाले असते, बाकी काही झालं नसतं. पण महाराष्ट्रात तो विचारायची एक अधिकृत खिडकी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० चा. आधी त्याच्या नावात 'मुंबई' होतं. त्यातलं कलम ३६ सांगतं की, सार्वजनिक ट्रस्टची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या आधी घेतलेल्या परवानगीशिवाय विकता, बदलता किंवा बक्षीस देता येत नाही. भाड्यानं द्यायची तरी मर्यादा आहे. शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त आणि बिगरशेती जागा किंवा इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त काळासाठी द्यायची असेल, तर पुन्हा परवानगी.

यामागचा विचार असा की, विश्वस्त हा मालक नसतो. तो राखणदार. शेताच्या राखणदारानं मालकाला न विचारता शेत विकलं तर कसं चालेल? इथं मालक म्हणजे ज्यांच्यासाठी ट्रस्ट आहे ते लोक, आणि त्यांच्या वतीनं विचारायचं काम धर्मादाय आयुक्तांचं. विक्री ट्रस्टच्या हिताची आहे का, फायद्याची आहे का, गरजेची आहे का, हे ते तपासतात. ओशो प्रकरणात ही गरज त्यांना पटली नाही.

आदेश आल्यावर त्याच महिन्यात आश्रमाच्या गेटवर राडा झाला. कारण मात्र पैसा नव्हता. गळ्यात ओशोंची माळ घालून आत यायला व्यवस्थापनाची मनाई होती, शिष्य माळ घालूनच आत घुसले, पोलिसांनी लाठीमार केला. ज्या आश्रमात गुरूचं वास्तव्य होतं तिथं गुरूच्या फोटोची माळ चालत नाही, याचा राग १०७ कोटींपेक्षा जास्त जुना होता. 'आम्हाला हा आश्रम रिसॉर्ट करायचा नाही' असं शिष्य म्हणत होते, आणि व्यवस्थापनाच्या दृष्टीनं ओशोंना व्यक्तिपूजा नकोच होती. दोन्ही बाजूंना ओशोंच्या प्रवचनांत आधार सापडतो, हीच तर अडचण.

मोफत असेल तर संशय घ्यायचाच नाही का?

याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरणही महाराष्ट्रातलंच आहे. इगतपुरी.

सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातल्या मंडालेत जन्मलेले व्यापारी कुटुंबातले गृहस्थ. सयाजी ऊ बा खिन यांच्याकडं विपश्यना शिकले, १९६९ ला भारतात आले, आणि इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ पासून सुरू झालं. विदर्भात, विशेषतः बौद्ध समाजात, दहा दिवसांचं शिबिर करून आलेला माणूस बहुतेक गावात सापडतो.

इथं फी नाही. राहणं, जेवण, शिकवणं, सगळं विनामूल्य. शिकवणारे आचार्यही मानधन घेत नाहीत. देणगी फक्त त्याच्याकडूनच घेतात ज्यानं किमान एक दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलं आहे. म्हणजे पहिल्यांदा येणारा माणूस आधीच्यांच्या पैशावर शिकतो आणि त्याला वाटलं तर पुढच्यासाठी देतो. पैशाच्या बाबतीत यापेक्षा स्वच्छ रचना शोधणं अवघड आहे. मुंबईत गोराईला २००९ मध्ये उद्घाटन झालेला, ८,००० लोक बसतील एवढा मोठा ग्लोबल विपश्यना पॅगोडाही देणग्यांतूनच उभा राहिला.

तरी प्रश्न संपत नाहीत, ते पैशावरून हेतूवर सरकतात. विपश्यना ही सगळ्यांसाठीची मनाची कसरत आहे की बौद्ध धर्माचा प्रसार? गोयंकांचं उत्तर होतं, यात संप्रदाय नाही. पण महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये 'मित्र उपक्रम' या नावानं आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचा विपश्यनेतला पहिला टप्पा, मुलांना शिकवायला घेतला तेव्हा हा प्रश्न सरकारी वर्गखोलीत आला. 

अमेरिकेत हाच प्रश्न महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानाबद्दल कोर्टात गेला होता. न्यू जर्सीच्या सरकारी शाळांत ते शिकवलं जात होतं. हा धर्म नाही, तंत्र आहे, असं संस्थेचं म्हणणं. १९७९ मध्ये अपिलीय न्यायालयानं सांगितलं, हे धार्मिक आहे, सरकारी शाळेत चालणार नाही. आणि गंमत बघा, तिथं पैशाचा आक्षेप दुसऱ्या टोकाचा होता. अमेरिकेत एके काळी या ध्यानाच्या एका कोर्सची फी अडीच हजार डॉलरपर्यंत गेली होती.

म्हणजे फी घेतली तर धंदा, नाही घेतली तर प्रचार. लोक संशय दोन्हीकडून घेतात. त्यामुळं 'फुकट आहे ना, मग चांगलंच असणार' आणि 'पैसे घेतात, म्हणजे ढोंगी' ही दोन्ही गणितं कामाची नाहीत.

देणगी म्हणायची आणि तिकीट फाडायचं

काही वेळा तर फी आहे की देणगी, हेच कोर्टाला ठरवावं लागतं. पतंजली योगपीठ ट्रस्टच्या योग शिबिरांचं प्रकरण यासाठी बघण्यासारखं आहे. ध्यान नाही, योग, पण मामला तोच.

शिबिराला येणाऱ्यांकडून रक्कम घेतली जायची आणि तिला देणगी म्हटलं जायचं. सेवाकर खात्यानं सांगितलं, ही प्रवेश फी आहे, सुमारे साडेचार कोटी कर भरा. ऑक्टोबर २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणानं खात्याची बाजू घेतली. त्यांनी बघितलं काय, तर वेगवेगळ्या किमतीची तिकिटं होती आणि किमतीप्रमाणं सोयी बदलत होत्या. एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानंही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला.

ही कसोटी घरी वापरायलाही सोपी आहे. पैसे न देता आत बसू देतात का? जास्त दिले तर पुढची रांग मिळते का? उत्तर अनुक्रमे 'नाही' आणि 'हो' असेल, तर पावतीवर काहीही लिहिलेलं असो, ते तिकीट आहे. तिकीट घेण्यात गैर काही नाही. त्याला दान म्हणवून घेण्यात आहे.

वाशिममधल्या माणसाला काय बघता येतं?

आधी पावती. त्यावर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक असतो, साधारणपणे एक अक्षर, एक आकडा आणि कंसात जिल्ह्याचं नाव. कंसात 'वाशिम' असेल तर वाशिमच्या सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्या ट्रस्टची फाइल असते. 'पुणे' किंवा 'मुंबई' असेल तर फाइल तिथं. शिबिर मंगरुळपीरच्या मंगल कार्यालयात झालं तरी कागद तिथंच राहतात. संस्था बंगळूर किंवा कोइमतूरची असेल तर महाराष्ट्राचा हा कायदा सहसा पोहोचत नाही, त्या राज्याचे नियम बघावे लागतात.

नोंदणी क्रमांकच नसेल, पैसे एखाद्याच्या वैयक्तिक यूपीआय नंबरवर मागितले असतील, तर पुढं काही तपासायची गरज उरत नाही. 

एक नवीन प्रकारही आहे. ध्यान शिकवणारी ॲप आणि ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या बऱ्याच संस्था ट्रस्ट नसतातच, त्या कंपन्या असतात. त्यांच्यावर धर्मादाय आयुक्तांचा अधिकार चालत नाही. कंपनीचा ताळेबंद कंपनी कामकाज मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून बघता येतो. बऱ्याचदा गुरूंच्या नावानं ट्रस्टही असतो आणि बाजूला कंपनीही. शिबिर ट्रस्टचं, तेल-साबण-कोर्स कंपनीचे. त्यामुळं पैसे नेमके कुणाच्या खात्यात गेले, हे पावतीवर नीट वाचायला हवं.

ट्रस्टच्या फाइलमध्ये तीन गोष्टी बघण्यासारख्या. विश्वस्त कोण आहेत आणि ते किती वेळा बदलले. आडनावं एकाच घरातली आहेत का, हे तिथं दिसतं. दुसरं, मालमत्तेची यादी. आश्रमाची जमीन खरंच ट्रस्टच्या नावावर आहे की गुरूंच्या पुतण्याच्या. तिसरं, ऑडिट रिपोर्ट. काही छोटे अपवाद सोडले तर ट्रस्टला हिशेब तपासून घ्यावे लागतात, आणि बेकायदा किंवा अनियमित खर्च दिसला तर ते लिहिणं ऑडिटरवर बंधनकारक आहे. ट्रस्टचा शिल्लक पैसा बँक, पोस्ट किंवा सरकारी रोख्यांसारख्या ठरलेल्या ठिकाणीच ठेवायचा, तो कुणाला हातउसना द्यायचा नाही, हाही नियम आहे.

कागदाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करता येतो. मात्र तक्रार करायची तर कायदा विचारतो, तुमचा संबंध काय? 'हितसंबंधी व्यक्ती' कोण, हे कायद्यात लिहून ठेवलंय. मठ असेल तर त्याचा शिष्य, मंदिर असेल तर तिथं पूजेला जायचा हक्क असलेला माणूस, सोसायटी असेल तर सभासद, इतर ट्रस्ट असेल तर विश्वस्त किंवा लाभार्थी. म्हणजे बाहेरून शिव्या देणाऱ्यापेक्षा आत बसून ध्यान करणाऱ्याचा शब्द कायद्यापुढं जड ठरतो. कोरेगाव पार्कच्या प्रकरणात नेमकं हेच कामाला आलं. 

शिष्यांना हे सोपं गेलं नाही. प्रश्न विचारणाऱ्याला 'अहंकारी', 'अजून मनात अडकलेला' असं म्हणून गप्प बसवायची सोय प्रत्येक आध्यात्मिक संस्थेत असते, आणि शिष्याला ते लागतंही, कारण तिथंच त्याची माणसं असतात, तिथंच त्याला शांत वाटलेलं असतं. हिशेब मागणारे हे लोक ओशोंना सोडून गेले नाहीत. सुनावणीच्या तारखा लागत राहिल्या, आणि त्यांचं सकाळचं डायनॅमिक मेडिटेशनही चालू राहिलं.